चिंधी बांधलेला घेवडा

बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचं, थोडा वेळ तसंच ठेवायचं, बाहेर काढून चिकटलेली माती अंगठ्यानं चोळायची आणि मगच झाडाला पाणी द्यायचं की नाही ते ठरवायचं, ही मावशींची सवय. कुंडी आपली की परक्याची, हे त्या बघत नसत. शेजाऱ्यांच्या फाटकात, दवाखान्याच्या व्हरांड्यात, किराणा दुकानाच्या पायरीवर, कुठंही माती दिसली की बोट आत. दुसऱ्याचं मूल दिसलं की त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मावशी त्यांच्यातल्या.

एकदा मी डबा घरी विसरलो. मावशी पुढच्या घरी कामाला जाता जाता तो माझ्या ऑफिसात घेऊन आल्या. आमच्या साहेबांच्या केबिनबाहेर एक मोठी कुंडी आहे, बारा महिने हिरवीगार. मावशींनी डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि सवयीनं कुंडीत बोट घातलं. ते नखभरसुद्धा आत गेलं नाही. त्यांनी वरचे पांढरे खडे बाजूला सारले, तर खाली थर्माकोल. पान चिमटीत धरून पाहिलं. मग सगळं ऑफिस ऐकेल अशा आवाजात मला म्हणाल्या, "सायेब, ह्यात माती न्हाय, पानी न्हाय. ह्यो जगतोय कशावर?"

"पगारावर!" मागून आमचा शिपाई म्हणाला. साहेबसुद्धा केबिनमधून हसले.

अशा गोष्टी सांगायला बसलो तर पुष्कळ निघतील. पण मी मावशींविषयी लिहायला बसलो ते त्या हसवायच्या म्हणून नव्हे. मी त्यांच्याशी एकदा खोटं बोललो. एकच वाक्य होतं. ते परत घ्यायला मला चार वर्षं मिळाली आणि मी ती घालवली. आता परत घ्यायला मावशी नाहीत.

त्या मूळच्या वळसंगच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. आमच्या गल्लीच्या मागं एका खोलीत राहायच्या आणि आमच्यासकट तीन घरी धुणीभांडी करायच्या. हाडं मोठी, चाल जरा डुलती, आणि कपाळावरचं गोंदण इतकं जुनं की निळ्याचं हिरवं झालेलं. आमच्याकडं आल्या तेव्हा साठीला टेकल्या असतील. माझ्या बायकोला वैनी म्हणायच्या, मला सायेब. मी साहेब कुठला! सरकारी कचेरीत नकाशे काढणारा माणूस. पण तिन्ही घरचे पुरुष त्यांच्या लेखी सायेबच होते.

आमचं घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये सहा फूट रुंदीची पट्टी आहे. बांधकामाचं उरलेलं डबर, फुटक्या फरश्या, वाळू असं काय काय तिथं वर्षानुवर्षं पडून होतं. एका उन्हाळ्यात मला बाग करायची हुक्की आली. मी रीतसर नकाशा काढला. आलेखाच्या कागदावर चौकोन आखले. हिरव्या पेन्सिलीनं पालेभाज्या, जांभळ्यानं वांगी, पिवळ्यानं फुलं, कोपऱ्यात औषधी वनस्पती. प्रत्येक चौकोनाला क्रमांक. मावशी फरशी पुसत होत्या. त्यांना मी तो कौतुकानं दाखवला.

"हे काय? साळंचा वर्ग हाय व्हय? पोरं हिकडं, पोरी तिकडं?"

"अहो, नीटनेटकं दिसतं."

"दिसतंय की. पर झाडाला एकलं करमत न्हाय, सायेब. मिसळून लावा."

नकाशा पुढं कधीतरी वह्यांच्या गठ्ठ्यात गेला. पट्टी मावशींच्या ताब्यात गेली. कुणी दिली नाही, त्यांनीही मागितली नाही. काम उरकलं की पदर खोचून त्या तिकडं वळायच्या, एवढंच.

पहिल्यांदा त्यांनी माती आणली, तीही वळसंगहून. भावाच्या शेतातली काळी माती पोत्यात भरून एसटीनं. कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट पडेल. मावशी म्हणाल्या, "मातीचं तिकीट लावतुस? मग तुज्या चपलंला लागलीय तिचं बी फाड की." आख्खी गाडी हसली आणि पोतं फुकट आलं. अशी सहा पोती आली. शेवटच्या वेळी म्हणे कंडक्टरनंच हात लावून उतरवलं.

आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. त्यात बाग कशी व्हायची, असं बायकोला वाटायचं. मावशींनी मोरीत एक जुना डबा ठेवला. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, डाळीचं पहिलं पाणी त्या डब्यात. साबणाचं पाणी कशात मिसळू द्यायच्या नाहीत. फुटका माठ वांग्यांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरला होता, त्यात ते पाणी ओतायच्या. माठ दिवसभर पाझरायचा.

आणि लावणी अशी की माझ्यासारख्या चौकोनी डोक्याच्या माणसाला आधी कळेचना. वांग्याच्या दोन झाडांमध्ये झेंडू. झेंडूच्या पायाशी कोथिंबीर. मिरचीच्या सावलीत मेथी भुरभुरलेली. नळाजवळ गवती चहा, जिथं ओल हटत नाही तिथं पुदिना, भिंतीला लागून ओव्याचं पान आणि तुळस, मध्येच शेवंतीचं एखादं रोप, माळून झाल्यावर बायकोनं टाकलेल्या अबोलीच्या गजऱ्यातून उगवलेली अबोली. गाजराच्या ओळीत मुळा. मी विचारलं, "हे सगळं एकमेकांत गुंतणार नाही का?"

"गुतू दे की. भोगीच्या भाजीत न्हाय का सगळं एका पातेल्यात नांदत?"

खरं तर ती सगळी बाग भोगीसाठीच असायची. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची मिसळीची भाजी पट्टीतल्याच जिनसांची झाली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. वांगी, गाजर, मुळा, पावट्याचे दाणे, मिरची, कोथिंबीर. हरभरा तेवढा वळसंगहून यायचा. आणि या सगळ्यात राजा म्हणजे त्यांचा घेवडा.

तो भिंतीच्या कोपऱ्यात असायचा. तीन काठ्या आणि सुतळीवर चढवलेला वेल. जांभळी फुलं, जांभळट कडांच्या रुंद शेंगा. बी काळंभोर, डोक्यावर एकच पांढरी रेघ, गंधाची काडी ओढावी तशी. मावशींची आई अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली. लग्नात ती हे बी ओटीत घेऊन आली होती. तिच्याकडून मावशींकडं आलं. त्या त्याला 'आईचा घेवडा' म्हणायच्या. बाजारात असा मी तरी पाहिलेला नाही.

भोगी झाली की मावशी वेलावरच्या शेंगा तोडणं बंद करायच्या. मग जुन्या लुगड्याची एक चिंधी घ्यायच्या आणि वेलाच्या बुंध्याशी बांधायच्या. चिंधी बांधली की त्या वेलाला कुणी हात लावायचा नाही. तो तसाच उभा राहायचा. पानं पिवळी पडायची, गळायची, शेंगा तपकिरी व्हायच्या, वाऱ्यावर खुळखुळायच्या. वसंत लागला की त्या वाळल्या शेंगांचं बी निघायचं. त्याचे दोन वाटे व्हायचे. एक वाटा पावसाळ्यात पेरायला आपल्याकडं, दुसरा दुसऱ्या घरात.

"दुसऱ्या का?" मी विचारलं होतं.

"बी एका घरात ठेवत न्हाईत, सायेब. एका घराला उंदीर लागला, वाळवी लागली, तर दुसऱ्या घरातलं तरी ऱ्हातंय."

ते दुसरं घर कुणाचं, हे मी विचारलं नाही. वळसंगला भावाकडं ठेवत असतील असं धरून चाललो. त्यांनीही सांगितलं नाही. त्यांचा तो नियमच होता. तीन घरी कामाला, पण या घरची गोष्ट त्या घरी कधी गेली नाही. माझ्या बायकोनं एकदा फार खोदून विचारलं, मावशी कामाला जायच्या त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात सासूसुनेचं काय बिनसलं म्हणून. मावशी भांडी विसळत म्हणाल्या, "हितलं हितं, तितलं तितं." बायको दोन दिवस रुसली. नंतर म्हणाली, "एका अर्थी बरंय. आपलंही बाहेर जात नसणार."

आमचं बाहेर गेलं नाही. पुढं त्याच नियमाची किंमत त्यांनी भरली आणि मी भरू दिली.

आता अक्कांविषयी सांगायला हवं. समोरच्या चाळवजा घरात राहणाऱ्या या बाई विणकरांच्या घरातल्या, तेलुगू बोलणाऱ्या. त्यांचं मराठी झोकात चालायचं, फक्त स्त्रीलिंग-पुल्लिंग त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. दुपारभर उंबऱ्यात बसून विड्या वळायच्या. दाराशी एक शेळी बांधलेली. आमच्या घरचं काम संपलं की मावशी तिथं जाऊन बसायच्या. अक्कांच्या मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू. मावशींच्या मांडीवर निवडायची मेथी. मेथीच्या काड्या शेळीला. दोघी सारख्या एकमेकींना टोचायच्या.

"तुझा बाग म्हणजे जंगल आहे गं," अक्का म्हणायच्या.

"आनि तुजी शेळी म्हंजी शेळी हाय का म्हस? किती खाती!"

माझ्या खिडकीतून हे रोज ऐकू यायचं. ऑफिसला सुट्टी असली की मी पेपर वाचत ऐकायचो.

चार वर्षांत पट्टी अशी भरली की येणारा-जाणारा फाटकाशी थांबायचा. मी फोटो काढायला लागलो. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लागलो. पहिल्या फोटोखाली लिहिलं, 'आमची छोटीशी बाग'. लोकांनी अंगठे दाखवले. तिसऱ्या-चौथ्या फोटोपर्यंत 'आमची'ची 'माझी' झाली. कुणी विचारलं, वांग्यांवर कीड पडत नाही का? मी उत्तर दिलं, 'मी मध्ये मध्ये झेंडू लावतो.' लावतो! मला आजही ते वाक्य आठवलं की कान गरम होतात. मावशींना वाचता येत नव्हतं, आणि त्यांच्याजवळचा फोनही साधाच होता.

मग फेब्रुवारी संपता संपता ऑफिसातली पाचसहा मंडळी म्हणाली, रविवारी सकाळी तुमची बाग बघायला येतो. साहेबही येणार होते. मावशी नेमक्या चार दिवसांसाठी वळसंगला जत्रेला निघाल्या होत्या. जाताना फाटकातून मागं वळून म्हणाल्या, "सायेब, पानी वैनी घालत्याल. चिंधीला तेवढं कुनी हात लावू नगा."

"नाही लावणार, जा तुम्ही."

रविवारी सहाला उठून मी पट्टीत गेलो. सगळं छान होतं. पण कोपऱ्यात तो वाळलेला वेल. करड्या काड्या, सुरकुतल्या शेंगा आणि बुंध्याशी मळकी चिंधी. माझ्या नकाशे काढणाऱ्या डोळ्याला तेवढाच एक डाग दिसत होता. साहेब बघतील, फोटो काढतील. मला मावशींचं वाक्य आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. मी मनाशी हिशेब केला की त्यांना हवं आहे ते बी. ते आपण जपून ठेवू, वेल काढून टाकू.

आणि मी काय केलं ते ऐका. वेलाच्या टोकाला उशिरा धरलेल्या आठदहा शेंगा अजून हिरव्या होत्या. भरलेल्या, तुकतुकीत. मी त्या निवडून निवडून तोडल्या. बी चांगलं हवं तर शेंग चांगली हवी, असं मला वाटलं. पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवल्या. वाळलेल्या शेंगांसकट सगळा वेल मुळापासून उपटला, चिंधी सोडून त्यातच कोंबली आणि पोतं फाटकाबाहेर ठेवलं. मंडळी आली, पोहे खाल्ले, फोटो काढले. साहेब म्हणाले, "बुवा, तुम्ही तर शेतकरीच निघालात." सोमवारी सकाळी घंटागाडी येऊन पोतं घेऊन गेली.

सोमवारी संध्याकाळी बायकोनं फ्रीज उघडला. ती नातेपुत्याची, शेतकऱ्याच्या घरची. तिनं एक शेंग सोलली. आत पांढरट, मऊ दाणे.

"हे काय ठेवलंय?"

"मावशींच्या घेवड्याचं बी."

तिनं सोललेली शेंग माझ्यापुढं धरली. "अहो, हे कोवळं आहे. हे उगवत नसतं. बी त्या वाळलेल्यांत होतं. कुठाय तो वेल?"

मी सांगितलं. तिनं फ्रीजचं दार लावलं. मग म्हणाली, "उद्या येतील त्या. आल्या आल्या सांगून टाका. रागावतील, पण सांगून टाका."

"हो," मी म्हणालो.

त्या शेंगा तशाही वाया जाणार होत्या. बायकोनं रात्रीच्या आमटीत टाकल्या. मावशींच्या आईच्या घेवड्याचे वेलावरचे शेवटचे दाणे आम्ही भाताबरोबर खाल्ले.

मंगळवारी मावशी आल्या. हातात जत्रेतला चिरमुऱ्यांचा पुडा. तो बायकोच्या हातात देऊन सरळ पट्टीकडं गेल्या. मी दाढी करत होतो. त्यांचा आवाज आला, "वैनी! माजा येल कुटं गेला?"

बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडं बघत होती. मी टॉवेलनं तोंड पुसत बाहेर गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो. मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या. तीन काठ्या नुसत्या उभ्या, सुतळी लोंबत होती. त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. तो चेहरा मी आधी पाहिला नव्हता. आणि माझ्या तोंडातून निघालं, "शेळी शिरली होती आत. फाटक उघडं राहिलं."

का म्हणालो, ते मी पुष्कळदा शोधलं. समोर शेळी बांधलेली दिसत होती, याहून मोठं कारण सापडत नाही.

मावशी तशाच रस्ता ओलांडून गेल्या.

"अक्का, तुजी शेळी सुटली हुती व्हय गं?"

"नाही की. बांधलेला आहे, बघ."

"आज न्हाय. मी न्हवते तवा."

"कधीच नाही सुटला. काय झाला?"

"माजा घेवडा खाल्ला तिनं. समदा."

"माझा शेळी नाही खाल्ला! कोण सांगितला तुला?"

"सायेबांनी डोळ्यानं बघितलं. सायेब खोटं बोलत्यात व्हय?"

अक्कांनी तिथूनच माझ्याकडं पाहिलं. मी फाटकात उभा होतो. आत्ताही वेळ होती. दहा पावलं होती. मी घरात वळलो.

आत आल्यावरही आवाज येतच होते. वीस वर्षं शेजारी राहिलेल्या दोन बायका एकमेकींना काय काय बोलल्या ते मी लिहीत नाही. शेवटी अक्का म्हणाल्या, "मग त्या सायेबाच्याच घरी बस जा. माझा उंबऱ्याला पाय लावू नको."

"न्हाय लावत," मावशी म्हणाल्या. "माज्या आईचं बी खाल्लंस तू."

त्या दुपारपासून उंबरा रिकामा. मेथी आमच्याच ओट्यावर निवडली जायला लागली. बायको माझ्याशी चार दिवस कामापुरतं बोलली. तिनं मावशींना विचारलं, "दुसऱ्या घरात बी ठेवलंय ना तुम्ही? ते आणा की."

"ठेवलं हुतं, वैनी. ते दार आता मला बंद हाय."

भावाशी काही बिनसलं असेल, असं मी समजलो. समजून घ्यायचं नसलं की माणसाला काहीही समजून घेता येतं.

आठेक दिवसांनी मावशी त्या कोपऱ्यात बसल्या होत्या. मी पायरीवर पेपर वाचत होतो. त्यांनी मातीत बोट घातलं, इकडं घातलं, तिकडं घातलं. मग हात झटकत म्हणाल्या, "सायेब, शेळी वरनं वरबाडती. मूळ मातीतच ऱ्हातंय."

मी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"हितं मूळ बी न्हाय."

त्या थांबल्या. मी सांगतो तुम्हाला, त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. आरोप नव्हता, राग नव्हता. दार उघडून बाजूला उभं राहावं तशा थांबल्या होत्या. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"हो का?" मी म्हणालो.

त्या उठल्या, डब्यातलं पाणी माठात ओतलं आणि गेल्या.

त्यानंतर दोन वर्षं त्या आमच्याकडं होत्या. कामात कसूर नाही, पट्टी पहिल्यासारखीच भरलेली. माझ्या ताटात कोथिंबीर त्यांचीच असायची, सर्दी झाली की गवती चहाची पात त्या न सांगता आणून ठेवायच्या. एकच गोष्ट बदलली. आधी काही उगवलं, काही फुललं की हाक यायची, "सायेब, भाईर या, बघा." आता हाक यायची, "वैनी, बघा." तो कोपरा त्यांनी मोकळा ठेवला. काठ्याही काढल्या नाहीत. भोगीला बायको बाजारातून घेवडा आणायची. मावशी तो निमूट मोडून द्यायच्या.

संक्रांतीला गल्लीतल्या बायका घरोघर जायच्या. मावशी अक्कांचं दार टाळून पुढं जायच्या, आणि अक्का आत जाऊन बसायच्या. मी खिडकीतून बघायचो. मावशींनी अक्कांना खरं सांगितलं असतं तर दोघींचं भांडण मिटलं असतं, पण मग सायेब खोटं बोलले हे सांगावं लागलं असतं. हितलं हितं. माझं खोटं त्यांनी माझ्या घराबाहेर जाऊ दिलं नाही.

मी पुष्कळदा ठरवलं. उद्या सांगू, रविवारी सांगू, पाडव्याला सांगू. वाक्यंही तयार केली. बायको सुरुवातीला आठवण करायची, मग तिनं सोडून दिलं. ते जास्त लागलं.

मग मावशींचे गुडघे गेले. खाली बसलं की उठता येईना. वळसंगचा भाचा येऊन त्यांना घेऊन गेला. रिक्षात बसण्याआधी त्या लंगडत पट्टीत गेल्या. एकेका झाडापाशी बोट घालून पाहिलं. कोपऱ्यापाशी जरा जास्त थांबल्या. मी मागं उभा होतो.

"मावशी," मी म्हणालो.

"काय, सायेब?" त्या पटकन वळल्या.

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मी म्हणालो, "तब्येतीला जपा."

"व्हय," त्या म्हणाल्या. "पुदिन्याला पानी लई घालू नगा."

वळसंग किती लांब? सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं. दोन वर्षांत मी एकदाही गेलो नाही. फोनवर बायको बोलायची. या उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला. "आत्या गेली. दहावं बी झालं. कळवायचं राहिलं."

मी फोन ठेवला आणि रस्ता ओलांडून अक्कांकडं गेलो. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यापैकी त्या एकट्याच उरल्या होत्या. अक्का उंबऱ्यात विड्या वळत होत्या. मावशी गेल्याचं सांगितलं. त्यांच्या हातातली कात्री थांबली. मग बाकीचंही सांगितलं. उभ्यानं, सगळं. वेल, घंटागाडी, फ्रीज, आमटी, शेळी.

त्यांनी कात्री सुपात ठेवली. मग म्हणाल्या, "शेळी नाही खाल्ला, हे मला माहीत होता. वाटला, दुसऱ्या कुणाचा शेळी आला असेल. तुमचं नाव नाही आला मनात. सायेब कसा असा करेल?"

मी मान खाली घातली.

"ती मला सांगितली नाही कधी. रोज समोरून जात होती. एकदा पण नाही सांगितली." त्यांनी सूप बाजूला सरकवलं. "मी पण वाट बघितली. वाटला, बी मागायला तर येईल. आली असती तर दिला असता."

"कसलं बी?"

त्या भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आल्या. आत कापडाची पुरचुंडी. कापड ओळखीचं होतं, मावशींच्या लुगड्याचं. त्यांनी गाठ सोडली. काळंभोर बी, डोक्यावर पांढरी रेघ.

"दरवर्षी अर्धा माझ्याकडं ठेवायची. हा भांडणाच्या आधीच्या वर्षीचा."

ते बंद झालेलं दार हे होतं. आमच्या फाटकापासून दहा पावलांवर. मी इकडंतिकडं पाहिलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "शेळी कुठाय?"

"विकला. त्याच महिन्यात. त्याचा दूध घशाखाली जाईना."

अकरा दाणे होते. मला वाटलं त्या सगळे देतील, किंवा काहीच देणार नाहीत. त्यांनी सहा माझ्या हातावर ठेवले. पाच परत पुरचुंडीत बांधले.

"एका घरात ठेवत नाही," अक्का म्हणाल्या.

पावसाळा लागल्यावर मी कोपऱ्यातली माती उकरली, वळसंगचीच ती. सहाही दाणे एकेक वीत अंतरावर लावले. मग थांबलो, आणि त्यांच्यामध्ये मेथी भुरभुरली, कडेला झेंडूचं रोप लावलं. काठ्यांना नवी सुतळी बांधली. आठ दिवसांत मेथी वर आली. घेवडा नाही. रोज सकाळी अक्का समोरून, 'सर'चं 'सार' करत, विचारतात, "आला काय, सार?" मी सांगतो, "नाही." निदान हे एक तरी त्यांना खरं सांगतो.

आज सोळावा दिवस. मी मातीत बोट घातलं. दुसऱ्या पेराशी काहीतरी टणक लागलं. हलकेच वर काढून तळहातावर घेतलं. दाणा होता तसा होता. फुगला नव्हता, कुजलाही नव्हता. पांढरी रेघ स्वच्छ दिसत होती.

"आला काय, सार?"

"नाही, अक्का."

दाणा होता तिथं परत ठेवला आणि त्याच बोटानं वर माती ओढली.